मृत्यूच्या कागदावर हरवणारा ‘मोयामोया’

जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात संसदेने २०२३ साली दुरुस्ती केली आणि ती त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाली. त्या वेळी चर्चा झाली ती मुख्यतः जन्मदाखल्याची. शाळाप्रवेश, वाहनचालक परवाना, मतदारयादी यांसाठी आता हाच एक कागद चालणार, अशा बातम्या आल्या. दुरुस्तीतला दुसरा भाग मात्र फारसा कोणाच्या नजरेत भरला नाही. रुग्णालयात मृत्यू झाला, तर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाकडे पाठवायचे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला विनामूल्य द्यायची, हे आता प्रत्येक वैद्यकीय संस्थेला बंधनकारक आहे.

येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. महापालिका किंवा ग्रामपंचायत देते तो मृत्यूचा दाखला. बँकेत, विमा कंपनीत, सातबाऱ्यावर वारसनोंद करताना तोच लागतो आणि त्यावर मृत्यूचे कारण छापलेले नसते. कारण लिहिले जाते ते डॉक्टरने भरलेल्या ‘नमुना ४’ वर. रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी ‘नमुना ४-अ’ असतो. माणूस कशाने गेला हे देशाला कळते ते या साध्या दिसणाऱ्या कागदावरून. त्यावर जे लिहिले ते मोजले जाते. जे लिहिले नाही, ते सरकारी आकडेवारीच्या दृष्टीने घडलेलेच नसते.

हृदयविकार, क्षय, मधुमेह असे नेहमीचे आजार या कागदावरून सहसा निसटत नाहीत. हजारो नोंदी असल्याने दहा-वीस चुका पोटात जातात. दुर्मीळ आजारांचे तसे नाही. वर्षाला मोजकेच मृत्यू होणाऱ्या आजाराच्या दहा नोंदी चुकल्या, तर तो आजार तक्त्यातून पुसलाच जातो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा ‘मोयामोया’ हा असाच एक आजार आहे.

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या मानेतून वर जातात आणि कवटीच्या तळाशी फांद्या फुटून त्यांचे एक कडे तयार होते. मोयामोयात या वाहिन्यांचा कवटीतला शेवटचा भाग आणि त्यातून निघणाऱ्या फांद्यांची सुरुवात हळूहळू आतून जाड होत अरुंद होते. यात कोलेस्टेरॉल साचलेले नसते. वाहिनीचे अस्तरच वाढते. मुख्य रस्ता बंद होऊ लागला की मेंदू गल्लीबोळांतून वाट काढतो. तळाशी केसांसारख्या बारीक वाहिन्यांचे जाळे पसरते. अँजिओग्राफीत हे जाळे सिगारेटच्या धुराच्या झुळकेसारखे दिसते. जपानमध्ये ताकेउची आणि शिमिझू यांनी १९५७ साली पहिला रुग्ण नोंदवला. पुढे १९६९ मध्ये सुझुकी आणि ताकाकु यांनी त्याला धुरकट, अंधुक या अर्थाचा जपानी शब्द नाव म्हणून दिला. आजाराला माणसाचे नाव न देता चित्रातले दृश्य नाव म्हणून मिळावे, हे वैद्यकात तसे विरळाच.

हा आजार दोन वयांत डोके वर काढतो : साधारण पाच ते दहा वर्षांची मुले आणि तिशी-चाळिशीतले प्रौढ. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो जवळजवळ दुप्पट आढळतो. मुलांत रक्तपुरवठा कमी पडल्याची लक्षणे दिसतात. मूल हट्टाने जोरजोरात रडते आणि रडता रडता त्याचा एक हात लुळा पडतो, बोबडी वळते. पाच-दहा मिनिटांत सगळे पूर्ववत होते. गरम दूध फुंकून पिताना, फुगा फुगवताना, पिपाणी वाजवतानाही हे घडू शकते. कारण सरळ आहे. भराभर श्वास टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूतल्या वाहिन्या आकसतात आणि आधीच काठावर असलेला रक्तपुरवठा तेवढ्यापुरता अपुरा पडतो. आपल्याकडे अशा मुलाला ‘फिट येते’ म्हणून वर्षानुवर्षे गोळ्या चालू राहतात, किंवा ‘नाटक करतो’ म्हणून दुर्लक्ष होते. कधी ‘बाहेरचे’ म्हणून अंगारा लावला जातो. प्रौढांत, विशेषतः आशियाई लोकांत, दुसराच धोका मोठा असतो. ते नाजूक जाळे वर्षानुवर्षे क्षमतेपलीकडचे रक्त वाहून शेवटी फुटते आणि मेंदूत रक्तस्राव होतो.

आता एक नमुन्यादाखल मृत्यू घेऊ. अडतीस वर्षांची स्त्री, रक्तदाब नाही, मधुमेह नाही. स्वयंपाक करताना डोके जोरात दुखते, उलटी होते, शुद्ध हरपते. तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येईपर्यंत आठ तास गेलेले असतात. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पोकळ्या रक्ताने भरलेल्या दिसतात. श्वास यंत्रावर असतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती जाते. पहाटे चार वाजता कामावर असलेला निवासी डॉक्टर नमुना ४ भरतो. बाहेर नातेवाईक थांबलेले, शववाहिका आलेली, वॉर्डात आणखी दोन रुग्ण अत्यवस्थ. तो लिहितो : ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने’.

हे कारण नव्हे. हृदय आणि श्वास बंद पडणे म्हणजेच मृत्यू. ‘मृत्यूमुळे मृत्यू झाला’ असे लिहिण्यासारखेच ते आहे. थोडा अधिक दक्ष डॉक्टर ‘मेंदूतील रक्तस्राव’ लिहील. तेही अपुरेच, कारण रक्तदाब नसलेल्या अडतीस वर्षांच्या बाईच्या मेंदूत रक्तस्राव का झाला, हा खरा प्रश्न तसाच राहतो. उत्तर देण्यासाठी रक्तवाहिन्यांची तपासणी, म्हणजे सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी व्हायला हवी. अत्यवस्थ रुग्णात ती अनेकदा राहून जाते. कधी झालेली असते, पण तिचा अहवाल संध्याकाळी येतो आणि कागद सकाळीच निबंधकाकडे गेलेला असतो.

नमुना ४ ची रचना मुळात फार विचारपूर्वक केलेली आहे. पहिल्या भागात एकाखाली एक ओळी आहेत. सर्वात वर प्रत्यक्ष मृत्यू घडवणारी अवस्था, तिच्या खाली ती ज्यामुळे उद्भवली ते कारण, त्याखाली त्यामागचे कारण. विहिरीत पोहरा सोडत जावा तसे खाली खाली जायचे. सर्वात तळाला जे सापडते ते मूळ कारण. दुसऱ्या भागात साखळीत नसलेले, पण मृत्यूला हातभार लावणारे आजार येतात. वरच्या उदाहरणात पहिल्या ओळीत ‘मेंदूच्या पोकळ्यांत रक्तस्राव’ आणि दुसऱ्या ओळीत ‘मोयामोया आजार’ असे लिहिले, तर साखळी पूर्ण झाली.

पुढचे काम सांकेतिक क्रमांक देणाऱ्याचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मोयामोयाला ‘आय ६७.५’ असा स्वतंत्र क्रमांक आहे. म्हणजे तो मोजण्याची सोय जगात केव्हाच झालेली आहे. पण कागदावर नुसते ‘पक्षाघात’ लिहिलेले असेल, तर कोडिंग करणारा कर्मचारी कितीही हुशार असला तरी त्यातून मोयामोया काढू शकत नाही. शिवाय आपल्या राष्ट्रीय अहवालात कारणे मोठ्या गटांत छापली जातात. सगळे रक्ताभिसरणाचे आजार एका छत्राखाली येतात. २०२० च्या अहवालात वैद्यकीय प्रमाणपत्र मिळालेल्या मृत्यूंपैकी ३२.१ टक्के या गटात होते. त्या बत्तीस टक्क्यांत हृदयविकाराचा झटकाही आहे, रक्तदाबही आहे आणि हा धुराची झुळूकवाला आजारही, पण त्याला वेगळे नाव नाही.

ते प्रमाण कशाचे, हेही पाहिले पाहिजे. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या एकूण मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. उरलेल्यांची नोंद आहे, कारण नाही. किंवा असलेच तर घरच्यांनी सांगितलेले. गोव्याने नोंदलेल्या जवळजवळ प्रत्येक मृत्यूला वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन दाखवले आहे. लहान राज्य, जवळ जवळ दवाखाने, हे खरे; पण ‘आपल्याकडे हे शक्यच नाही’ या युक्तिवादातली हवा त्याने काढून घेतली आहे. ज्यांचा मृत्यू घरी होतो त्यांच्यासाठी महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीत प्रशिक्षित कर्मचारी घरी जाऊन शेवटच्या आजाराची हकीकत विचारतात. त्यातून ‘एक बाजू लुळी पडली होती’ एवढे कळते. ‘कवटीच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे जाळे होते’ हे कोणत्या घरचे लोक सांगणार? अशा आजाराची नोंद रुग्णालयातच होऊ शकते, त्यामुळे रुग्णालयाची जबाबदारी वाढते.

जपानचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे १९७७ साली सरकारच्या पाठबळावर मोयामोयासाठी संशोधन समिती नेमली गेली आणि रुग्णांची मोजणी सुरू झाली. १९९४ च्या देशव्यापी पाहणीत सुमारे ३,९०० रुग्ण आहेत असा अंदाज निघाला. २००३ च्या पाहणीत तो सुमारे ७,७०० वर गेला, म्हणजे लाखामागे तीनवरून सहा. नऊ वर्षांत आजार दुप्पट झाला काय? त्याच काळात एमआर अँजिओग्राफी रुजली. सुई न टोचता रक्तवाहिन्या दिसू लागल्या आणि पूर्वी न सापडणारे रुग्ण सापडू लागले. आकडा वाढला की घबराटीच्या बातम्या करण्याआधी मोजपट्टी बदलली का, हे पाहायचे असते. वाढलेल्या आकड्याचा एक भाग अनेकदा चांगल्या शोधाचा असतो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांत रुग्णालयांतून घरी सोडलेल्या रुग्णांच्या नोंदींवरून २००५ साली एक हिशेब प्रसिद्ध झाला. तेथे नव्या रुग्णांचे प्रमाण वर्षाला दहा लाख लोकांमागे एकाहूनही कमी निघाले, लाखामागे ०.०८६. त्याच नोंदींत आशियाई वंशाच्या लोकांत ते तिप्पट होते. जपानमध्ये हेच प्रमाण लाखामागे ०.५४ होते. हे दोन दर आपल्या १४० कोटींना लावले, तर वर्षाला सुमारे १,२०० ते ७,५०० नवे रुग्ण येतात. हा अंदाज नव्हे, नुसता गुणाकार आहे. वंश वेगळे, जनुके वेगळी. जपान-कोरियात ज्या आरएनएफ २१३ जनुकातल्या बदलाशी या आजाराचा संबंध २०११ मध्ये दाखवला गेला, तो बदल पूर्व आशियाई लोकांत अधिक आढळणारा आहे. पण खालचा आकडा धरला तरी ‘आपल्याकडे हा आजार नाहीच’ असे म्हणून चालणार नाही.

अमेरिकेच्या मृत्युनोंदींत आणखी एक गोष्ट आहे, जी आपण उचलायला हवी. तेथे मूळ कारणाबरोबरच कागदावर लिहिलेले बाकीचे सगळे आजारही क्रमांक देऊन साठवले जातात. त्यामुळे ‘मोयामोया मूळ कारण होता असे किती’ आणि ‘कागदावर कोठेही मोयामोयाचा उल्लेख होता असे किती’ हे दोन्ही प्रश्न विचारता येतात. दुर्मीळ आजारांत दुसऱ्या प्रश्नाला महत्त्व अधिक. त्याचे कारण महाराष्ट्रातच सापडते.

मोयामोयासारखेच जाळे दुसऱ्या आजारांमुळेही तयार होते. त्याला मोयामोया सिंड्रोम म्हणतात. डाऊन सिंड्रोम, मेंदूला दिलेले किरणोपचार, मज्जातंतूंच्या गाठींचा एक आनुवंशिक आजार ही त्याची काही कारणे. आपल्यासाठी दोन कारणे अधिक जवळची आहेत. एक, क्षयरोगाचा मेंदूज्वर. त्यात मेंदूच्या तळाशी सूज साचते, तिथल्या वाहिन्या आकसतात आणि कधी हुबेहूब असे चित्र दिसते. दुसरे, सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार या पट्ट्यात हा रक्तविकार पिढ्यान्‌पिढ्या आहे. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींमुळे मेंदूतल्या मोठ्या वाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, त्या अरुंद होतात आणि काही मुलांत धुराचे जाळे उमटते. आपल्याकडच्या सिकलसेल रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन अधिक टिकून राहत असल्याने आफ्रिकी वंशाच्या रुग्णांच्या तुलनेत मेंदूचा झटका कमी, असे पुस्तकांत लिहिलेले असते. कमी म्हणजे शून्य नव्हे.

अशा मुलाचा झटक्याने मृत्यू झाला, तर तळाचे मूळ कारण सिकलसेल हेच लिहावे लागते आणि ते बरोबरही आहे. पण मग केवळ मूळ कारणे मोजणाऱ्या तक्त्यात मोयामोया दिसत नाही. उलटपक्षी डॉक्टरने ‘पक्षाघात’ एवढेच लिहिले, तर सिकलसेलही दिसत नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झाले. त्यात रक्ततपासणी, कार्डवाटप, समुपदेशन यावर भर आहे. मृत्यूच्या नोंदीवरही तेवढेच लक्ष हवे. किती मुले तपासली हा आकडा दर आठवड्याला मागितला जातो. किती मुले कशाने गेली, हे मागणारा कागद अजून तेवढ्या तातडीने कोणी मागत नाही, असे सरकारी नोकरीतल्या माझ्या अनुभवावरून म्हणता येईल.

‘मेलेल्या माणसाच्या कागदाने कोणाचे भले होणार?’ असा प्रश्न तरुण डॉक्टरही विचारतात. उत्तर उपचारांत आहे. मोयामोयावर औषधांनी वाहिनी उघडता येत नाही, पण शस्त्रक्रिया आहे. टाळूकडे जाणारी कानाजवळची रक्तवाहिनी कवटीतून आत नेऊन मेंदूच्या वाहिनीला थेट जोडतात, किंवा मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवून तिच्यातून नवी वाढ होऊ देतात. एकदा रक्तस्राव झालेल्या ८० प्रौढांवरचा जपानमधला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडशस्त्रक्रिया केलेल्यांत पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण वर्षाला २.७ टक्के, न केलेल्यांत ७.६ टक्के होते. सिकलसेलच्या मुलांबाबत तर १९९८ पासून पुरावा आहे. डोक्यावर ठेवायच्या साध्या डॉपलर यंत्राने मेंदूच्या वाहिनीतला रक्ताचा वेग मोजायचा. तो सेकंदाला २०० सेंटिमीटरहून जास्त भरलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास पहिल्या झटक्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटते. आता एखाद्या जिल्ह्यासाठी हे डॉपलर यंत्र, ते वापरणारा तंत्रज्ञ आणि रक्तपेढीचा वाढीव साठा मागायचा, तर मंत्रालयातला अधिकारी पहिला प्रश्न विचारणार : गेल्या पाच वर्षांत तुमच्या जिल्ह्यात असे किती मृत्यू झाले? त्याचा प्रश्न चुकीचा नाही. उत्तर आपल्याच कागदांवर ‘हृदय व श्वसनक्रिया बंद’ या पाटीखाली गाडलेले असते. मार्च २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानेही हे कबूल केले आहे. देशात पुरेशी आकडेवारी नसल्याने किती लोकांमागे एक म्हणजे दुर्मीळ, ही व्याख्याच त्यात करता आलेली नाही.

दुसरा लाभार्थी म्हणजे घर. जपानमध्ये मोयामोयाच्या दहा ते पंधरा टक्के रुग्णांच्या कुटुंबात आणखी कोणाला तरी हा आजार असतो. अडतीस वर्षांच्या त्या बाईच्या बारा वर्षांच्या मुलीला अधूनमधून हाताला मुंग्या येत असतील, तर आईच्या कागदावरचा एक शब्द तिला न्यूरॉलॉजिस्टपर्यंत पोहोचवू शकतो. म्हणूनच नातेवाइकाला प्रत देण्याची नवी तरतूद मला कारकुनी वाटत नाही.

अडचणीही खऱ्या आहेत. तरुण व्यक्ती दवाखान्यात येण्याआधीच गेली, तर प्रकरण पोलिसांकडे आणि मृतदेह शवविच्छेदनासाठी जातो. तिथे डोक्यात रक्त सापडते. मार लागलेला नाही, एवढे ठरले की तपासाच्या दृष्टीने विषय संपतो. मेंदूच्या तळाच्या वाहिन्या वेगळ्या काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर अस्तराची वाढ दिसू शकते, पण त्यासाठी नमुना पाठवावा लागतो आणि अहवाल यायला महिने लागतात. मृत्यूची नोंद मात्र २१ दिवसांत व्हायची असते. मग ‘मत राखून ठेवले’ असे लिहिले जाते आणि पुढे खरे कारण कळले तरी नोंदीत सुधारणा करण्यासाठी पाठपुरावा कोण करणार, हे ठरलेले नसते. नोंदवही दुरुस्त करण्याची तरतूद कायद्यात आहे. रुग्णालयात त्या कामाला माणूस नेमलेला नसतो.

वैद्यकीय शिक्षणात नमुना ४ ला न्यायवैद्यकाच्या किंवा जनआरोग्याच्या तासाला अर्धे व्याख्यान मिळते. तो भरण्याची वेळ येते ती चार-पाच वर्षांनी, रात्री, एकट्याने. दर महिन्याला विभागात मृत्यूंची चर्चा होते, तिच्यात रुग्णाच्या केसपेपरबरोबर नमुना ४ ही टेबलावर ठेवला, तर फुकटात शिक्षण होईल. एमआरआयचा अहवाल नंतर आला आणि कारण बदलले, तर त्याच बैठकीत निबंधकांना पत्र लिहायचे ठरवावे. पंचावन्न वर्षांखालच्या, रक्तदाब नसलेल्या, मेंदूच्या झटक्याने दगावलेल्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर वरिष्ठाची नजर फिरावी. अशा मृत्यूंची संख्या इतकी थोडी असते की त्यासाठी नवे पद लागणार नाही.

नातेवाइकांनीही एक करावे. दुःखाच्या घाईत रुग्णालय सोडताना बिलाबरोबर मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी. तपासण्यांच्या सीडी आणि फिल्म्स अंत्यविधीनंतर टाकून देऊ नयेत. प्रमाणपत्रावर फक्त हृदय बंद पडल्याचे लिहिले असेल, तर तेरावे झाल्यावर का होईना, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटून ‘रक्तस्राव कशामुळे झाला होता, आणि आमच्या मुलांना तपासायला हवे का?’ हे विचारावे. मुलांना दाखवायचे असेल, तर आईवडिलांच्या त्याच फिल्म्स बरोबर न्याव्यात. न्यूरॉलॉजिस्ट सर्वात आधी त्याच मागतात.